नोंदीपासून अहवालापर्यंत : अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातील वन्यजीव-नोंदींचा एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

वन्यजीवांची नोंद आणि त्या नोंदींवरून तयार होणारा अहवाल या दोन भिन्न गोष्टी आहेत. नोंद एकदा लिहिली की ती कायम राहते; अहवाल मात्र विचारलेल्या प्रश्नानुसार बदलतो. प्रस्तुत निबंधात अहमदनगर जिल्ह्यातील सुमारे दोनशे वर्षांच्या वन्यजीव-नोंदींचा आढावा घेऊन प्रत्येक टप्प्यावर अहवालाचा प्रश्न कोणी ठरविला आणि त्याचे परिणाम काय झाले, याची चर्चा केली आहे. संगणकीय नोंद-प्रणालींमुळे गरजेनुसार अहवाल तयार करणे व इतरांना देणे आता शक्य झाले आहे. ही सोय गावपातळीपर्यंत पोहोचण्याची आवश्यकता या विवेचनातून स्पष्ट होते.

बीजसंज्ञा : वन्यजीव नोंद, अहवाल, माळढोक, बिबट्या, जैवविविधता नोंदवही, संगणकीय प्रणाली

१. प्रस्तावना

अहमदनगर हा क्षेत्रफळाच्या दृष्टीने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. २०२४ मध्ये त्याचे नामांतर अहिल्यानगर असे झाले. पश्चिमेस अकोले तालुक्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचा अतिपावसाचा डोंगराळ भाग, उत्तरेस प्रवरा व गोदावरीच्या कालव्यांखालील उसाचा पट्टा आणि दक्षिणेस कर्जत-श्रीगोंद्याची अवर्षणप्रवण माळराने, अशी तीन भिन्न भूरूपे या एका जिल्ह्यात आढळतात. साहजिकच येथील वन्यजीवनही विविध आहे. डोंगराळ भागात शेकरू, उसाच्या पट्ट्यात बिबट्या व तरस, माळरानावर काळवीट, लांडगा व एके काळी माळढोक, असे त्याचे स्थूल स्वरूप सांगता येईल.

या वन्यजीवनाविषयी लिहिताना अभ्यासक बहुधा प्राण्यांची संख्या, त्यांचा अधिवास व संरक्षणाचे कायदे यांचा विचार करतात. ही माहिती ज्या नोंदींतून मिळते त्या नोंदींचा आणि त्यांवरून तयार केलेल्या अहवालांचा स्वतंत्र इतिहास मात्र फारसा लिहिला गेलेला नाही. वास्तविक शासनाचे निर्णय, अभयारण्याच्या सीमा, शेतकऱ्यांना मिळणारी नुकसानभरपाई या सर्व गोष्टी मूळ नोंदींपेक्षा अहवालांवर अवलंबून असतात. शंभर नोंदींपैकी कोणत्या निवडावयाच्या, त्यांतील कोणते रकाने दाखवावयाचे आणि त्यांची बेरीज गावानुसार करावयाची की तालुक्यानुसार, हे ठरविणाऱ्याच्या हाती निष्कर्षाची दिशा असते.

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) जिल्ह्यातील वन्यजीव-नोंदींचे प्रमुख ऐतिहासिक टप्पे स्पष्ट करणे.
२) प्रत्येक टप्प्यात अहवालाची रचना कोणाच्या गरजेनुसार झाली, याचा शोध घेणे.
३) संगणकीय प्रणालींतील गरजेनुसार अहवाल-निर्मितीचे स्वरूप व मर्यादा यांची चर्चा करणे.

२. साइक्सचा सांख्यिकी अहवाल

पेशवाईच्या अस्तानंतर दख्खनचा प्रदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला. या नव्या प्रदेशाची लोकसंख्या, पिके, जमीनधारा, हवामान इत्यादींची व्यवस्थित माहिती सरकारला हवी होती. त्यासाठी मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२४ मध्ये विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची सांख्यिकी अहवालक म्हणून नेमणूक केली. साइक्स हे १८३१ पर्यंत दख्खनमध्ये फिरून माहिती गोळा करीत होते. पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड या चार कलेक्टरांच्या अखत्यारीतील प्रदेश हे त्यांचे कार्यक्षेत्र होते.

शासकीय कामाच्या ओघातच साइक्स यांनी प्राण्यांच्या व पक्ष्यांच्या नोंदी केल्या. १८३१ मध्ये दख्खनमधील सस्तन प्राण्यांची आणि १८३२ मध्ये पक्ष्यांची सूची त्यांनी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केली. रानकुत्र्याला त्यांनी दख्खनवरून शास्त्रीय नाव दिले, तर दख्खनच्या उघड्या माळावरील एक चंडोल आजही साइक्स यांच्याच नावाने ओळखला जातो. या चार कलेक्टोरेटांविषयीचा त्यांचा विशेष सांख्यिकी अहवाल पुढे ब्रिटिश असोसिएशनच्या १८३७ च्या अधिवेशनाच्या वृत्तान्तात समाविष्ट झाला.

येथे एक बाब लक्षात घ्यावयास हवी. एकाच माणसाने एकाच प्रवासात केलेल्या निरीक्षणांतून दोन प्रकारची कागदपत्रे निर्माण झाली. सरकारला हवा असलेला अहवाल महसूल, शेती व लोकसंख्या यांचा होता. प्राणिशास्त्रज्ञांना हवी असलेली सूची जातींची होती. पहिल्यात चंडोलाला स्थान नव्हते, तर दुसऱ्यात गावाला. नमुना दख्खनमध्ये मिळाला एवढाच उल्लेख शास्त्रज्ञांना पुरेसा वाटे. त्यामुळे आज एखाद्या अभ्यासकाने साइक्स यांच्या सूचीतील कोणते पक्षी नेमके अहमदनगरच्या हद्दीत दिसले असे विचारले, तर सूची त्याचे उत्तर देऊ शकत नाही. प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी गाव माहीत होते, पण अहवालाच्या रचनेत ते गळून गेले.

शिवाय तेव्हाचे अहमदनगर आजच्या जिल्ह्याहून बरेच मोठे होते. नाशिक जिल्हा १८६९ मध्ये स्वतंत्र होईपर्यंत त्याचा मोठा भाग अहमदनगरच्या कलेक्टरकडे होता. म्हणून जुन्या कागदपत्रांत अहमदनगर असा शब्द आढळला तरी तो आजच्या जिल्ह्याचाच निर्देश करतो असे मानता येत नाही.

३. गॅझेटियर आणि बक्षिसांची खाती

जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांची मालिका तयार झाली. तिचा सतरावा खंड अहमदनगरविषयीचा असून तो १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. या मालिकेतील रूढ पद्धतीनुसार उत्पन्नाच्या प्रकरणात खनिजे, वने, पाळीव जनावरे यांच्या पाठोपाठ वन्य प्राण्यांचा विचार येतो. म्हणजे वन्य प्राणी हे जिल्ह्याच्या साधनसंपत्तीच्या हिशेबातील एक कलम होते.

याच काळात हिंस्र श्वापदांच्या बंदोबस्ताचे स्वतंत्र दप्तर सरकारकडे होते. वाघ, बिबट्या, लांडगा यांना मारणाऱ्यास बक्षीस दिले जाई. वन्य प्राण्यांमुळे व सर्पदंशाने दगावलेली माणसे, मेलेली गुरे, मारलेली श्वापदे आणि वाटलेली बक्षिसे यांची वार्षिक कोष्टके १८७० च्या दशकापासून देशभर नियमितपणे संकलित होऊ लागली. या कोष्टकांना बक्षिसाची रक्कम वाटल्याचा हिशेब हवा होता. प्राणी किती उरले हा प्रश्न कोणी विचारलेला नसल्याने त्याचा रकानाही त्यांत नव्हता. लांडगा मारल्याची नोंद सापडते, परंतु जिवंत लांडग्यांच्या कळपाची नोंद सापडत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने ही कोष्टके वापरताना ती प्राण्यांच्या संख्येची कोष्टके नसून सरकारी खर्चाची कोष्टके आहेत, याचे भान ठेवणे अगत्याचे आहे.

मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने वेगळी परंपरा सुरू केली. १८८६ पासून प्रसिद्ध होणाऱ्या तिच्या नियतकालिकात अधिकारी, शिकारी, डॉक्टर व हौशी निरीक्षक यांची छोटी टिपणे छापली जाऊ लागली. दिनांक, ठिकाण, निरीक्षकाचे नाव आणि जातीची ओळख हे आजच्या कोणत्याही वन्यजीव-नोंदीचे चार आधार या टिपणांत रूढ झाले. मात्र ही टिपणे खंडांच्या पानांत विखुरलेली असत. एका जिल्ह्याची सर्व टिपणे एकत्र वाचावयाची, तर वर्षानुवर्षांचे अंक चाळण्यावाचून अभ्यासकाला गत्यंतर नव्हते.

४. माळढोक : तालुक्यांनी आखलेली सीमा

स्वातंत्र्योत्तर काळात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चित्र पालटले. माळढोकाच्या संरक्षणासाठी १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य घोषित करण्यात आले. अहमदनगर जिल्ह्यातील कर्जत, श्रीगोंदा व नेवासा या तालुक्यांतील भूभाग त्यात समाविष्ट होता. पुढील वर्षी, १९८० मध्ये, कर्जत तालुक्यातच रेहेकुरी येथे काळविटांसाठी अवघ्या २.१७ चौ. कि.मी.चे अभयारण्य झाले.

माळढोक अभयारण्याचे घोषित क्षेत्र सुमारे ८,४९६ चौ. कि.मी. होते. एवढ्या विस्तारात गावे, बाजारपेठा, रस्ते, बागायती शेती असे सर्व काही येत होते. माळढोक हा पक्षी मात्र प्रत्यक्षात गवताळ माळरानाच्या ठरावीक तुकड्यांवर दिसत असे. सोलापूरजवळील नान्नजचा परिसर हे त्याचे प्रमुख ठिकाण होते आणि १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी तेथे दीर्घकाळ अभ्यास केला.

पक्षी दिसल्याच्या नोंदी ठिकाणांच्या होत्या, पण संरक्षणाचे क्षेत्र प्रशासकीय विभागांच्या मापाने आखले गेले. एखाद्या तालुक्यात माळढोक आहे असा अहवाल खरा असू शकतो; तथापि त्याच वाक्यात त्या तालुक्यातील ऊस, विहिरी व वाड्याही नकळत येऊन बसतात. परिणामी जमिनीचे व्यवहार, उद्योग, रस्ते यांवरील निर्बंधांचा काच ज्या गावांत माळढोक कधी दिसलाही नसेल त्या गावांनाही सोसावा लागला. पक्ष्याविषयी आत्मीयता वाटण्याऐवजी त्याच्या नावाची धास्ती वाटू लागली. अखेरीस २०१० च्या दशकाच्या आरंभी अभयारण्याची फेररचना होऊन क्षेत्र सुमारे १,२२२ चौ. कि.मी.वर आणण्यात आले, म्हणजे मूळ विस्ताराचा सुमारे सातवा हिस्सा उरला. तोपर्यंत या भागातील माळढोकांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी झाली होती.

माळढोकाच्या ऱ्हासाला शिकार, कुरणांची नांगरणी, वीजवाहिन्या अशी अनेक कारणे आहेत. तो केवळ अहवालाच्या रचनेचा दोष नव्हे. परंतु तीन दशके चाललेल्या लोक व वनखाते यांच्यातील तणावाला मात्र नोंदीचे एकक आणि अहवालाचे एकक यांतील ही विसंगती निश्चितच कारणीभूत ठरली.

५. पाणवठ्यावरील प्राणिगणना

वैशाख पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यालगत मचाण बांधून येणाऱ्या प्राण्यांची गणना करण्याची पद्धत महाराष्ट्रातील वनक्षेत्रांत दीर्घकाळ चालत आली आहे. १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातही अशी गणना होते. वनरक्षकांबरोबर महाविद्यालयीन विद्यार्थी, निसर्गमंडळांचे सदस्य व शिक्षक त्यात उत्साहाने भाग घेतात. लोकशिक्षणाच्या दृष्टीने या उपक्रमाचे मोल मोठे आहे.

दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत इतके बिबटे, इतके भेकर, इतकी रानडुकरे अशी बेरीज येते आणि तिची मागील वर्षाच्या बेरजेशी तुलना होते. ही तुलना बहुधा सदोष असते. आदल्या दिवशी वळिवाचा पाऊस पडला तर रानात जागोजाग पाणी साचते आणि प्राणी पाणवठ्यावर येत नाहीत. यंदा मचाणे किती होती, निरीक्षक किती तास बसले, आकाश निरभ्र होते काय, यांवर आकडा अवलंबून असतो. हे तपशील मूळ तक्त्यात लिहिलेले असले तरी बेरजेच्या अहवालात ते उतरत नाहीत. वाचकासमोर उरतो तो केवळ वाढ किंवा घट सांगणारा एक आकडा.

असा अहवाल किती दिशाभूल करू शकतो हे राष्ट्रीय पातळीवर राजस्थानातील सरिस्का प्रकरणात दिसून आले. पाऊलखुणांवर आधारित गणनेच्या कागदोपत्री तेथे वाघ होते. २००५ मध्ये मात्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे सिद्ध झाले. त्यानंतर व्याघ्रगणनेची पद्धत बदलून स्वयंचलित कॅमेरे व संख्याशास्त्रीय नमुने यांचा अवलंब झाला. २०१० पासून व्याघ्र प्रकल्पांसाठी एम-स्ट्राइप्स ही संगणकीय प्रणाली वापरात आली. तिच्यामुळे वनरक्षकाच्या गस्तीचा मार्ग, वेळ व आढळलेल्या खुणा एकत्र नोंदविल्या जाऊ लागल्या. गस्त किती झाली हे ठाऊक असल्याशिवाय काय आढळले याला अर्थ नाही, हे तत्त्व येथे शासकीय व्यवस्थेने मान्य केले.

६. अकोल्यातील बिबट्या : प्रश्न बदलल्यावर बदललेले उत्तर

अहवालाचा प्रश्न बदलला की जुन्याच वास्तवाचे वेगळे दर्शन कसे घडते, याचे उत्तम उदाहरण जिल्ह्यातील बिबट्याच्या अभ्यासाने पुरविले आहे.

अकोल्याला लागून असलेल्या पुणे जिल्ह्यातील जुन्नर वनविभागात २००१ च्या सुमारास बिबट्यांच्या हल्ल्यांनी गंभीर रूप धारण केले. पिंजऱ्यात पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात सोडण्याचा मार्ग अवलंबिण्यात आला. पकडलेले बिबटे हाच कामगिरीचा आकडा धरला, तर ही मोहीम यशस्वी दिसत होती. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी वनखात्याच्याच नोंदी कालक्रमाने व स्थळानुसार मांडल्या. तेव्हा आढळले की १९९३ ते २००१ या काळात माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी चार होती. स्थलांतराची मोहीम सुरू झाल्यानंतर २००३ पर्यंतच्या काळात ती सतरावर गेली. हे संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. हल्ल्यांच्या नोंदी आधीपासूनच दप्तरी होत्या; बिबटे हलविण्यापूर्वीचे व नंतरचे हल्ले शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा प्रश्न तेवढा नवा होता.

यानंतर अकोले खोऱ्यातील १७९ चौ. कि.मी. क्षेत्रात स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने अभ्यास झाला. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहात असलेल्या या शेतीप्रधान भागात दर शंभर चौ. कि.मी.मागे सुमारे ४.८ प्रौढ बिबटे आणि सुमारे पाच तरस असल्याचा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्या जंगलातून वाट चुकून गावात येतो ही समजूत यामुळे ढासळली. तो उसातच राहतो, तेथेच प्रजोत्पादन करतो हे स्पष्ट झाले. विष्ठेच्या पृथक्करणावर आधारलेल्या २०१६ च्या अभ्यासात त्याच्या आहारातील सुमारे ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा आढळला. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, तर संख्येने कुत्र्यांपेक्षा कितीतरी अधिक असलेल्या शेळ्यांचा सुमारे ११ टक्के होता. नुकसानभरपाईच्या पंचनाम्यात शेळी, वासरू यांची नोंद होते. भटक्या कुत्र्याचा पंचनामा कोणी करीत नाही. त्यामुळे केवळ भरपाईच्या कागदांवरून बिबट्याचा आहार ठरविला असता, तर त्याचे मुख्य भक्ष्य अहवालाबाहेरच राहिले असते.

याच काळात पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक वयस्क नर बिबट्या २००९ मध्ये बाहेर काढण्यात आला. त्याच्या गळ्यात उपग्रहाधारित पट्टा बसवून त्यास माळशेज घाटात सोडले गेले. पट्ट्याकडून मिळणाऱ्या स्थाननोंदींवरून असे दिसले की महामार्ग, रेल्वेमार्ग व दाट वस्ती पार करून तो सुमारे १२० कि.मी. अंतरावरील मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. 'आजोबा' या नावाने तो प्रसिद्ध झाला आणि २०१४ मध्ये त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला. इतिहासदृष्ट्या महत्त्वाचे हे की या नोंदी नकाशाच्या रूपाने मांडल्या गेल्यामुळे त्या शास्त्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर सामान्य वाचकापर्यंत पोहोचल्या. कोष्टकाने जे साधले नसते ते नकाशाने साधले.

७. गरजेनुसार अहवाल : संगणकीय प्रणालींचे स्वरूप

नोंदी एकत्र साठवून त्यांतून हवा तो अहवाल काढण्याची कल्पना प्रथम ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणावर रुजली. १९६२ मध्ये तेथे वनस्पतींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. देशाचे दहा किलोमीटरचे चौकोन पाडून, छिद्रित कार्डे व यांत्रिक वर्गीकरण यांच्या मदतीने तो तयार केलेला होता. १९६४ मध्ये तेथे जैविक नोंदींचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. पुढे व्यक्तिगत संगणकांच्या काळात रेकॉर्डर नावाची प्रणाली प्रचलित झाली. वापरणाऱ्याने स्वतः अहवालाची रचना करावी, ती फाइलच्या रूपाने जपून ठेवावी आणि ती फाइल दुसऱ्या केंद्राकडे देता यावी, अशी सोय या प्रणालीत होती.

अशा अहवालाच्या रचनेत तीन निर्णय असतात. पहिला निवडीचा : कोणते क्षेत्र, कोणता कालखंड, कोणत्या जाती, आणि पडताळलेल्याच नोंदी की सर्व. दुसरा रकान्यांचा : दिनांक, गाव, संख्या, निरीक्षकाचे श्रम यांपैकी काय दाखवावयाचे. तिसरा मांडणीचा : बेरीज गावनिहाय की महिनानिहाय, कोष्टक की नकाशा. हे तीन निर्णय एकदा लिहून ठेवले की पुढील वर्षी नव्या नोंदींवर तोच अहवाल क्षणार्धात पुन्हा निघतो.

येथे निष्पन्न अहवाल देणे आणि अहवालाची रचना देणे यांत फरक करावयास हवा. पहिल्या प्रकारात घेणाऱ्याला उत्तर मिळते. दुसऱ्या प्रकारात त्याला प्रश्न मिळतो आणि तो स्वतःच्या नोंदींना तोच प्रश्न विचारू शकतो. उदाहरणार्थ, ऊसतोडणीच्या महिन्यांत फडात बिबट्याची पिल्ले आढळल्याच्या नोंदी गाव व पंधरवडा यांनुसार मांडणारी एक रचना अकोल्यात तयार झाली, तर तीच संगमनेर, राहुरी किंवा जुन्नरमध्ये वापरता येईल. एकाच मोजमापाने काढलेले हे अहवाल परस्परांशी तुलनीय असतील. इतिहासातील कोष्टकांना न लाभलेला हा गुण आहे.

भारतात पक्षी-नोंदींच्या बाबतीत ही प्रक्रिया बरीच पुढे गेली आहे. २००२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ई-बर्ड या प्रणालीचा भारतातील वापर २०१४ नंतर झपाट्याने वाढला. जिल्हानिहाय सूची, महिनानिहाय आढळ, एखाद्या सहलीचा एकत्रित अहवाल अशा गोष्टी कोणताही निरीक्षक तिच्यातून काढून इतरांना देऊ शकतो. सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर आधारित 'भारतीय पक्ष्यांची सद्यःस्थिती' हा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९४२ जातींचा विचार असून, ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला त्यांपैकी २०४ जाती घटल्याचे दिसते. माळरानासारख्या खुल्या अधिवासातील पक्ष्यांची घट त्यात ठळक आहे. कर्जत-श्रीगोंद्याच्या माळावर अनुभवी माणसे जे बोलून दाखवीत होती, त्याला या अहवालाने देशव्यापी आधार दिला. हे शक्य झाले ते निरीक्षकांनी दिसलेल्या सर्व पक्ष्यांची यादी वेळ व अंतरासह दिल्यामुळे. न दिसलेल्या पक्ष्याचीही अप्रत्यक्ष नोंद अशा यादीतून होते.

८. मर्यादा व अडचणी

संगणकीय प्रणाली आली म्हणून जुने प्रश्न संपत नाहीत. पहिली अडचण नावांची आहे. अकोले परिसरात बोलीत बिबट्याला सर्रास वाघ म्हणतात. वाघोबाची पूजाही त्याच भावनेने होते. ग्रामस्थाने वाघ दिसल्याचे सांगितले आणि नोंद घेणाऱ्याने तसेच लिहिले, तर जिल्ह्यात वाघ असल्याचा अहवाल निघेल. बोलीतील नाव व शास्त्रीय ओळख हे दोन स्वतंत्र रकाने ठेवणे हाच त्यावरील उपाय होय. तसेच जिल्ह्याच्या नामांतरामुळे काही नोंदी अहमदनगर व काही अहिल्यानगर या नावाखाली राहतील. केवळ नावाने शोध घेणारा अहवाल त्यांपैकी निम्म्याच पाहील. अक्षांश-रेखांशांवर आधारलेली निवड या दोषापासून मुक्त असते.

दुसरी अडचण असमानतेची. निरीक्षक जेथे जातात तेथील नोंदी वाढतात. भंडारदऱ्याला पर्यटक येतात, पाथर्डीच्या माळावर येत नाहीत. म्हणून पाथर्डीच्या माळावर पक्षी नाहीत असे अनुमान काढणे चूक ठरेल.

तिसरा प्रश्न गोपनीयतेचा आहे. दुर्मीळ प्राण्याचे नेमके ठिकाण जाहीर झाले तर शिकारी व अतिउत्साही छायाचित्रकार तेथे पोहोचतात. म्हणून ई-बर्डसारख्या प्रणाली संवेदनशील जातींची नेमकी ठिकाणे सर्वांना दाखवीत नाहीत. बिबट्याच्या बाबतीत तर ज्याच्या शेतात मादी व पिल्ले आहेत त्या शेतकऱ्याच्या नावागावाचाही प्रश्न येतो. अहवाल इतरांना देताना कोणते रकाने झाकावयाचे, हा निर्णय निवडीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

९. गावाचा अहवाल

आतापर्यंतच्या विवेचनात महसूलखाते, प्राणिशास्त्रज्ञ, वनखाते व संशोधक यांचे प्रश्न येऊन गेले. ज्या गावाच्या शिवारात हे प्राणी राहतात त्या गावाचा प्रश्न मात्र क्वचितच अहवालात उतरला. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने ही उणीव भरून काढण्याची संधी दिली. प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांच्या सहभागातून जैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी या कायद्यामागील व्यवस्था आहे. माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकापासून या कल्पनेचा आग्रहाने पुरस्कार केला होता. तथापि नोंदवही तयार करणे हे एकदाचे काम समजले गेल्यास ती कपाटात पडून राहते.

नोंद व निर्णय यांची सांगड कशी घालावी याचा आदर्श जिल्ह्यातच उपलब्ध आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पर्जन्यमान व विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदींवरून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. तो ग्रामसभेपुढे ठेवून पिकांची दिशा ठरविली जाते. येथे नोंद गावाची, प्रश्न गावाचा आणि अहवालही गावाचाच आहे. म्हणून तो वाचला जातो व पाळला जातो. वन्यजीवांच्या नोंदींनाही हीच रीत लावता येईल. कोणत्या महिन्यात, कोणत्या वस्तीवर, उघड्या की बंदिस्त गोठ्यातील जनावर गेले, एवढे चार रकाने असलेला गावनिहाय अहवाल दरवर्षी ग्रामसभेत वाचला गेला, तर गोठे बंदिस्त करण्याचा किंवा उकिरडे व त्यांवर पोसणारी भटकी कुत्री यांचा बंदोबस्त करण्याचा निर्णय गाव स्वतः घेऊ शकेल.

या कामी महाविद्यालयांची भूमिका मोलाची ठरू शकते. प्राणिशास्त्र, भूगोल, संगणकशास्त्र व इतिहास या विभागांनी एकत्र येऊन परिसरातील पाच-दहा गावांच्या नोंदी एका समान रचनेत ठेवल्या, तर त्यांतून अहवाल काढणे हे विद्यार्थ्यांना सहज जमणारे काम आहे.

१०. निष्कर्ष

१) अहमदनगर जिल्ह्यातील वन्यजीव-नोंदींचा इतिहास १८२४ पासून सलगपणे मांडता येतो, प्रत्येक टप्प्यात अहवालाची रचना अहवाल मागणाऱ्याच्या गरजेने ठरलेली दिसते.

२) अहवालात न आलेला तपशील पुढील पिढ्यांसाठी बहुधा कायमचा हरवतो. साइक्स यांच्या सूचीतील गावे व बक्षिसांच्या कोष्टकांतील जिवंत प्राणी ही त्याची उदाहरणे होत.

३) नोंदीचे एकक व अहवालाचे एकक यांत विसंगती असल्यास त्याची किंमत स्थानिक लोकांना मोजावी लागते, हे माळढोक अभयारण्याच्या सीमेवरून स्पष्ट होते.

४) त्याच नोंदींना नवा प्रश्न विचारल्यास धोरणाची दिशा बदलू शकते, हे बिबट्याविषयीच्या अभ्यासाने दाखवून दिले आहे.

५) संगणकीय प्रणालींमुळे अहवालाची रचना स्वतः करणे, जतन करणे व इतरांना देणे शक्य झाले आहे. संवेदनशील माहिती झाकण्याची दक्षता घेऊन ही सोय ग्रामसभा व जैवविविधता व्यवस्थापन समित्यांपर्यंत नेणे आवश्यक आहे. तसे झाल्यास, दोनशे वर्षे इतरांच्या अहवालांतील एक रकाना होऊन राहिलेले गाव स्वतःच्या शिवारातील वन्यजीवांविषयी स्वतःचा प्रश्न विचारू शकेल.